झिजणारी पाटी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाला बारा-पंधरा मंडळी जमली होती. चकल्यांचा डबा तळाला गेला होता आणि गप्पा नेहमीप्रमाणे घरांच्या किमतींवरून गाड्यांवर घसरल्या होत्या. तेवढ्यात मंडळातला एक तरुण, मूळचा सांगलीचा, माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्ही चिपच्या कामात होतात ना? मी एक जुनी टेस्ला बघून ठेवलीय. मॉडेल एस, २०१५ ची. बॅटरी उत्तम आहे म्हणतात. पण एका मित्राने घाबरवून ठेवलंय, की त्या मोठ्या स्क्रीनच्या मागची मेमरी झिजते. मेमरी कशी झिजेल हो? ती काय टायर आहे?"

आजूबाजूचे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मेमरी झिजते हे मी पुस्तकात वाचून नव्हे, तर एका शेतकऱ्याचं नुकसान करून शिकलो आहे. ती गोष्ट पुढे येईलच. पण त्या संध्याकाळी चहाच्या गडबडीत त्या मुलाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून म्हटलं अंकातच लिहावं. गाडी घेणारे आपल्यात आणखीही आहेत.

मंडळी, उत्तर द्यायचं तर पाऊणशे वर्षं मागे जायला हवं, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. मेलबर्नमध्ये स्पॉट्सवूडला सायन्सवर्क्स म्हणून संग्रहालय आहे, तिथे ऑस्ट्रेलियाचा पहिला संगणक ठेवलाय. त्याचं नाव सिझरॅक. ट्रेव्हर पिअर्सी आणि मॅस्टन बिअर्ड यांनी तो सिडनीत बांधला आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. १९५५ मध्ये तो ट्रकवरून मेलबर्न विद्यापीठात आणला आणि १९६४ पर्यंत तो राबला. सुमारे दोन हजार व्हॉल्व्ह, तीस किलोवॉट वीज, खोलीभर कपाटं! आणि मेमरी? पाऱ्याच्या नळ्या. नळीच्या एका टोकाला ध्वनीचा ठोका द्यायचा, तो पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचला की पकडायचा आणि परत पहिल्या टोकाला सोडायचा. ठोके असे फिरत राहिले तोवर आठवण जिवंत. नामस्मरणच म्हणा ना. वीज गेली की सगळं साफ. सगळ्या नळ्या मिळून २० बिटांचे ७६८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबात दोन किलोबाइटसुद्धा नाही.

पण त्या पाऱ्याचा एक गुण होता. कितीही वेळा लिहा, तो झिजत नसे. तिथे कायमचं काही उमटतच नव्हतं, तर झिजणार काय?

पुढच्या लोकांना हवी होती ती वीज गेली तरी न विसरणारी मेमरी. १९६७ मध्ये बेल लॅब्समध्ये डॉन कांग आणि सायमन झी यांनी त्याची किल्ली शोधली. सिलिकॉनवर एक इवलीशी कोठी बांधायची, तिच्या चहूबाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडची भिंत. कोठीला दार नाही, खिडकी नाही. जास्त दाबाची वीज देऊन इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून आत घालायचे. आत गेले की वर्षानुवर्षं कोंडलेले राहतात. कोठी भरलेली की रिकामी, यावरून शून्य की एक ते कळतं. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोहमन यांनी यातूनच ईप्रॉम काढली. ती पुसायला चिपच्या डोक्यावर क्वार्ट्झची खिडकी असे आणि तिच्यातून अतिनील किरण सोडावे लागत. ऐंशीच्या दशकात भोसरीला नोकरी करताना मी या चिपा निळसर दिव्याच्या पेटीत वीस-वीस मिनिटं 'शेकत' ठेवलेल्या आहेत. शेकून झालं की खिडकीवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर उन्हाने आठवण उडेल! आमच्या सौ.ना त्या काळी मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, पापड वाळवण्यापेक्षा तुझं काम सोपं दिसतंय.

मग आले तोशिबाचे फुजिओ मासुओका. त्यांनी खिडकीची आणि दिव्याची गरजच संपवली. विजेनेच पुसायचं, आणि एकेक अक्षर नव्हे, तर एका झटक्यात अख्खा गठ्ठा. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ही मेमरी मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड नावाचा स्वस्त, दाटीवाटीचा प्रकार. पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं लख्खकन होतं, असं त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी म्हणाले आणि तेच नाव पडलं. आपल्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात आज तीच आहे. कंपनीने मात्र शोधाचं चीज केलं नाही म्हणून मासुओकांनी २००४ मध्ये दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता झीज. इलेक्ट्रॉन दरवेळी भिंतीतून आत-बाहेर करतात, आणि भिंत काही नॅनोमीटरची. दर फेरीला तिला सूक्ष्म इजा होते, काही इलेक्ट्रॉन भिंतीतच अडकून बसतात. हजारो फेऱ्यांनंतर ती गळू तरी लागते, नाहीतर कोठी पूर्ण रिकामीच होत नाही. आपल्या पिढीने दगडी पाटी वापरली आहे. पुसून पुसून तिच्यावर जागोजागी चरे पडत, काही कोपरे असे गुळगुळीत होत की पेन्सिल उमटायचीच नाही. फ्लॅश म्हणजे तशी पाटी, आणि वर अट अशी की एक शब्द बदलायचा तरी अख्खी पाटी पुसायची. म्हणून चिपच्या आत एक मास्तर बसवलेला असतो. तो पाट्या आलटून पालटून वापरतो, म्हणजे एकच पाटी लवकर झिजू नये. काही कोऱ्या पाट्या तो राखूनही ठेवतो, एखादी गेली की बदली द्यायला. राखीव संपल्या की मास्तरही हात टेकतो.

सुरुवातीच्या नँडमध्ये एका कोठीत एकच बिट ठेवत. ती लाखभर वेळा पुसली तरी चाले. मग जागा वाचवायला एका कोठीत दोन बिटं कोंबली आणि तो आकडा काही हजारांवर आला. स्वस्ताई झाली, पण आयुष्यातून कापून.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मेलबर्नला आल्यावर मला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. गिप्सलँडच्या डेअरी शेतकऱ्यांसाठी दुधाच्या टाकीचं तापमान दाखवणारी पेटी आम्ही करत होतो. गोठ्यातली वीज वरचेवर जायची, म्हणून मी दर मिनिटाला तापमान एका ईईप्रॉममध्ये लिहायचो. ही फ्लॅशचीच चुलत बहीण. आणि पडद्यावरचा आकडा आणि नोंदीतला आकडा तंतोतंत जुळावा म्हणून लिहिलेलं परत वाचून तेच पडद्यावर दाखवायचो. काय हुशारी! टेबलावर दोन आठवडे चाचणी घेतली, सगळं झकास. पहिली पेटी एका शेतावर बसवली.

अडीच महिन्यांनी फोन आला. पडद्यावर ४.१ अंश, आणि टाकीतलं दूध कोमट. कूलर रात्रीच बंद पडला होता. पेटी मात्र शांतपणे आदल्या दिवशीचा आकडा दाखवत बसली होती, कारण मेमरीची ती एक जागा मेली होती. नवीन आकडा लिहिला जात नव्हता आणि जुनाच वाचला जात होता. सगळी टाकी ओतून द्यावी लागली. मी आणि माझा साहेब गाडी घेऊन गेलो. मला वाटलं, आता शिव्या. त्या म्हाताऱ्याने आम्हाला आधी स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. मग एवढंच विचारलं, की खोटं सांगण्यापेक्षा तुमचा पडदा काळा का नाही झाला?

परतीच्या वाटेवर साहेबाने विचारलं, चिपवर किती वेळा लिहिता येतं? मी म्हटलं, डेटाशीटमध्ये एक लाख वेळा. दिवसाची मिनिटं किती? १,४४०. पुढे बोलायची गरजच नव्हती. एक लाख भागिले १,४४० म्हणजे साधारण ६९ दिवस. माझ्या दोन आठवड्यांच्या चाचणीत जेमतेम २०,१६० वेळा लिहून झालं होतं. तिसरी-चौथीतला भागाकार, आणि तो मी केला नव्हता. दुधाचे पैसे कंपनीने भरले. दुरुस्ती सोपी होती: तापमान बदललं तरच लिहायचं, जागा फिरवत राहायचं आणि पडद्यावर थेट सेन्सरचा आकडा दाखवायचा.

म्हणून बरीच वर्षं लोटल्यावर टेस्लाचं प्रकरण वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ही चूक आपल्या ओळखीची आहे, फक्त कपडे भारी घातलेत.

मॉडेल एस अमेरिकेत २०१२ च्या मध्यात आली आणि ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१४ मध्ये. मधोमध सतरा इंची स्क्रीन, बटणं जवळजवळ नाहीतच. स्क्रीनमागच्या संगणकात एनव्हिडियाचा टेग्रा ३ प्रोसेसर, म्हणजे त्या काळच्या टॅब्लेटमध्ये असायचा तोच. आणि त्याच्या जोडीला ८ गिगाबाइटची ईएमएमसी, म्हणजे फ्लॅश आणि तिचा मास्तर एकाच चिपमध्ये, बोर्डावर डाखलेली. हा प्रकार मुळात फोनसाठी बेतलेला. फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. गाडी बदलतो का? ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय दहा वर्षांच्या पुढे आहे.

त्यात हा संगणक सतत नोंदी लिहीत असे. माझ्या आजोबांची मिरजेला पेढी होती. तिथले दिवाणजी रोजकीर्द इतकी बारीक लिहीत, की दुकानात कोण येऊन पाणी पिऊन गेलं तेही सापडावं. आजोबा ओरडायचे, "अहो, वही पाडव्यापर्यंत पुरायची आहे!" गाडीतल्या या दिवाणजीला ओरडणारं कोणी नव्हतं. शिवाय दर अपडेटबरोबर सॉफ्टवेअर फुगत गेलं, मोकळी जागा कमी झाली. जागा भरलेली असली की पाट्यांची हलवाहलव वाढते आणि झीजही वाढते. २०१९ मध्ये अमेरिकेतले काही स्वतंत्र दुरुस्ती करणारे लोक हेच उघडपणे सांगू लागले होते.

आकडे पुढे कंपनीच्याच कागदांतून आले. प्रत्येक गठ्ठा ३,००० वेळा पुसता-लिहिता येतो. रोज सरासरी १.४ फेऱ्या. भागाकार करा: सुमारे २,१४० दिवस, पाच ते सहा वर्षं. आणि गाडीची मूळ वॉरंटी? चार वर्षं. या दोन आकड्यांच्या मध्ये जी दीड-दोन वर्षांची फट आहे, त्या फटीत गाडीचा मालक उभा होता.

मेमरी दमली की आधी स्क्रीन संथ होते, मग आपोआप बंद-चालू होत राहते आणि एक दिवस काळी पडते. गाडी धावते, ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्यावर अवलंबून नाहीत. पण मागचा कॅमेरा जातो, काचेवरचं धुकं घालवायची सोय हाताबाहेर जाते, इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत नाही. हिवाळ्यात सकाळी बॅलरॅटच्या वाटेवर ज्याने काच पुसत गाडी चालवली आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जून २०२० मध्ये चौकशी सुरू केली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने या भागापुरती वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली, पण प्रशासनाचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १,५८,००० गाड्या परत बोलवा असं पत्र धाडलं. त्या पत्रात एक गोष्ट स्वच्छ म्हटली होती: या चिपा आज ना उद्या सगळ्याच जाणार, हे कंपनीलाही मान्य आहे. फेब्रुवारीत कंपनीने १,३४,९५१ गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१८ पूर्वी बनलेल्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स. ८ च्या जागी ६४ गिगाबाइटची चिप फुकट बसवून द्यायची. मात्र हा दोष आहे हे कंपनीने मानलं नाही. असा भाग गाडीच्या अख्ख्या आयुष्याइतका टिकावा ही अपेक्षा परवडणारी नाही, हा तिचा मुद्दा.

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. टायर झिजतात, ब्रेक पॅड झिजतात, त्याबद्दल आपण कोणाला कोर्टात खेचत नाही. पण टायरची झीज डोळ्यांनी दिसते, रबराच्या खाचेत नाणं घालून मोजता येते, आणि शंभर दुकानांत दुसरा टायर मिळतो. ही चिप डाखलेली, झीज दाखवणारा काटा डॅशबोर्डवर नाही, आणि ती पूर्ण मरण्याआधी तिच्यातल्या त्या गाडीच्या खास किल्ल्या उतरवून घेतल्या नाहीत तर बाहेरचा कारागीर हतबल. झिजण्याबद्दल माझी तक्रार नाही. मोजता येत होतं आणि मालकाला सांगितलं गेलं नाही, ही आहे. माझ्या पेटीनेही त्या शेतकऱ्याला सांगितलं नव्हतंच.

इथल्या आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०११ पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यात 'अमुक वर्षं' असा आकडा नाही. वस्तूची किंमत आणि जात बघता ती वाजवी काळ टिकायला हवी, एवढंच तो म्हणतो, आणि हा हक्क कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळा आहे. वॉरंटी संपली म्हणजे बोलणंच खुंटलं, असं नाही. डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही हा कायदा लागतो, अर्थात तिचं वय आणि किंमत जमेस धरून. घरगुती विक्रीत, म्हणजे एखाद्याच्या ड्राइव्हवेवरून घेतलीत, तर टिकाऊपणाची ही हमी मिळत नाही. प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०२१ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर मोठा अहवाल दिला, आणि १ जुलै २०२२ पासून गाडी बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना वाजवी किमतीत विकणं बंधनकारक झालं. पाच-सहा वर्षं आधी झालं असतं तर बरं झालं असतं, पण कायद्याची गाडी आपल्या वेगाने येते.

सांगलीकरांकडे परत येतो. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं ती गाडी बघायला गेलो. त्याची बायकोही आली, आणि तिने मागच्या सीटपेक्षा कागदपत्रं जास्त बारकाईने तपासली हे मला आवडलं. मी स्क्रीनवर नकाशा उघडला, मागचा कॅमेरा लावला, धुकं घालवायचं बटण दाबलं. सगळं चटचट चालत होतं. पण माझी ४.१ अंशांची पेटीसुद्धा छानच चालताना दिसत होती, तेव्हा मी विकणाऱ्याला विचारलं, मेमरीचा बोर्ड कधी बदललाय का? त्याला आठवेना. तो स्क्रीनवर सर्व्हिसची नोंद शोधू लागला, तीही सापडेना.

शेवटी त्या मुलीनेच ग्लोव्ह बॉक्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. सर्व्हिसचं बिल, २०२१ चं, ६४ गिगाबाइटचा बोर्ड बसवल्याचं. मी खिशातलं पेन काढून त्याच कागदाच्या मागे भागाकार केला. तेवढंच लिखाण आणि तशाच कोठ्या धरल्या तर आठपट आयुष्य, म्हणजे हिशेबाने सत्तेचाळीस वर्षं.

"काका, मग घेऊ ना?" त्याने विचारलं.

"मेमरीची काळजी सोड," मी म्हटलं. "टायर मात्र बदलावे लागतील. पुढचे दोन्ही गेलेत."

विकणाऱ्याने टायरचे सहाशे डॉलर कमी केले.